गोलात घेतलेलं नाव

प्रिय बडबडे,

हे नाव मीच तुला ठेवलं होतं, आणि तू मला घुमी म्हणायचीस. घुमीचं एवढं लांब पत्र बघून तुला हसू येईल. हस खुशाल, पण शेवटपर्यंत वाच.

त्या तीन वर्षांच्या गटाची जाहिरात कॉलेजच्या जिन्याखाली आधी मला दिसली आणि मी तुला ओढत तिथे नेलं, आठवतंय? कॉलेज सांभाळून तीच वीस मुलं तीन वर्षं एकत्र शिकणार, शहरातलं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं याचा छडा लावणार. मी हरखूनच गेले. तुला पाण्यात काडीचा रस नव्हता, पण तू म्हणालीस, तू आहेस ना, मग मी पण. त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस हवेत होते. कँटीनच्या डगमगत्या टेबलावर बसून तुझा अर्धा अर्ज मीच लिहिला.

निवडीची त्यांची रीतच जगावेगळी. दोन दिवस सगळ्यांनी मिळून काम करायचं आणि शेवटी गोलात बसून प्रत्येकाने सांगायचं, तीन वर्षं कोणासोबत काढायला आवडतील, कोणासोबत नाही, आणि का. मी बेधडक तुझं नाव घेतलं. तू मात्र त्या चष्मेवाल्याचं घेतलंस, ज्याची निवड होणार हे आंधळ्यालाही दिसत होतं. तेही मी गिळलं असतं. पण कोणासोबत नाही असं निवड करणाऱ्या बाईंनी विचारल्यावर माझ्याकडे न बघता तू म्हणालीस, "हिच्यासोबत अवघड आहे. बाबांची नजर गेली की ही अर्ध्यात सोडणार. तिनेच सांगितलंय मला."

सांगितलं होतं गं. बाबा शिवणकाम करतात, आणि हल्ली त्यांना सुईचं नेढं दिसत नाही म्हणून संध्याकाळी मी सुया ओवून देते. गटाच्या कामासाठी मी संध्याकाळी बाहेर राहिले तर त्यांचं कसं होणार, ही भीती मी फक्त तुझ्यापाशी बोलले होते. घुमी एकदाच बोलली, आणि तू तेच चारचौघांत मांडलंस. रागापेक्षा मला लाज वाटली, आणि मग फार एकटं वाटलं.

तुझी निवड झाली आणि माझी का हुकली, हे बाबांना कळलं तेव्हा त्यांनी मशीनचा खण उघडला, सुई ओवायची बारीक तार काढली आणि माझ्यादेखत झटक्यात दोरा ओवला. म्हणाले, "ही पहिल्यापासून आहे. तू शेजारी बसायचीस, म्हणून काढत नव्हतो." मला रडू कोसळलं. ज्या कारणासाठी तू माझा काटा काढलास, ते कारण कधी नव्हतंच.

काल बाईंचा फोन आला. तुझा चष्मेवाला दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात निघून गेला, त्याची जागा मला मिळतेय. काम जोडीने करायचं असतं आणि त्याच्यामागे तू एकटी पडलीस, म्हणून आपल्या दोघींची जोडी लावायची म्हणतात. मी हो म्हटलंय. तीन वर्षं तुझ्यासोबत नळ आणि गटारं पालथी घालीन, पाण्याच्या नमुन्याची बाटली धर म्हटलंस तर धरीन, कामात कसूर करणार नाही. पण माझ्या घरातलं एक अक्षर तुला कळणार नाही. हे गोलात सगळ्यांसमोर बोलता आलं असतं, पण ती तुझी पद्धत झाली, म्हणून इथे लिहिलं. सोमवारी जिन्याखाली माझी वाट बघू नकोस, मी परस्पर वर येईन.

एकेकाळी तुझीच,
घुमी