दोन झाकणं

३ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.

मी इकडे मजेत आहे, तू कशी आहेस? मुंगी तुला फार छळत नाही ना? आईला सोडून मावशीकडे राहायचं म्हणजे हट्ट होणारच. पण दोन धपाटे घालायची तुला पूर्ण मुभा आहे. माझ्या वाटचेही घाल.

या घरची मुलगी मुंगीहून फक्त अकरा दिवसांनी लहान. मी तिला मनातल्या मनात छोट्या सरकार म्हणते. सरकारांना सकाळी उठवायचं, न्हाऊ घालायचं, शाळेच्या गाडीत बसवायचं, संध्याकाळी पोहायला न्यायचं, झालं माझं काम. अंड्यातला पिवळा भाग आवडत नाही म्हणून सरकार तो ताटातच सोडतात. मग तो कोणाच्या पोटात जातो ते विचारू नकोस.

इथल्या स्वयंपाकीणबाई तिकडे गावी निघाल्या आहेत, त्यांच्याबरोबर पिशवी पाठवते. सरकारांचा कोट आहे, एकदाच घातलेला. बूट आहेत. आणि तीन बाटल्या औषध. मुंगीचा खोकला जात नाही असं तू लिहिलं होतंस, ते वाचून जीव थाऱ्यावर नव्हता. इथल्या मोठ्या डॉक्टरांना विचारूनच पाठवते आहे. झोपताना दोन झाकणं दे. सरकारांनाही दोनच देतो. दोघी एकाच वयाच्या, तेव्हा माप तेच. बाटलीवरचा कागद फाटलाय, तिकडे लक्ष देऊ नकोस.

मुंगीला पापा.

तुझी धाकटी


२६ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.

तुझं पत्र तीनदा वाचलं. कोट घोट्यापर्यंत येतो काय! बुटात कागद कोंबून मुंगी शाळेत जाते हे वाचून हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. तू तिला कारखान्यातल्या गठ्ठ्यांच्या काट्यावर उभी केलीस, आणि बूट धरून साडेपंधरा किलो भरली म्हणे. नाव मुंगी ठेवलं ते काही उगाच नाही. माझ्यावर गेलीये. तू तर लहानपणापासून दाराएवढी.

खोकला थांबला, हे फार बरं झालं. मी सांगत होते ना, इथलं औषध म्हणजे वेगळीच गोष्ट. आता गाढ झोपते, सकाळी हाका मारून उठवावी लागते, हट्ट नाही की रडणं नाही, अगदी गुणी झालीये असं तू लिहिलंस. बघ, दोन वर्षं रात्र रात्र खोकत होती बिचारी. जुनी झोप भरून काढत असेल. वर्गात डुलक्या घेते म्हणून त्या मास्तरीण बाईंनी चिठ्ठी पाठवली, तर त्यांना सांग, वाढत्या अंगाला झोप लागतेच. आल्या मोठ्या शहाण्या.

थंडी वाढली आणि खोकला परत आला, तर एक झाकण जास्त दे. बाटल्या भरपूर आहेत, हात आखडता घेऊ नकोस.

सरकारांना काल शिंक आली. एक शिंक, ताई! मालकीणबाईंनी डॉक्टरांना घरी बोलावलं. मला मुंगीची आठवण आली आणि उगीचच सरकारांचा राग आला. त्या लेकराचा त्यात काय दोष?

तुझी धाकटी


१५ मार्च

ताई,

आधी हे कर, मग पुढचं वाच. ते औषध बंद कर. एक थेंबही देऊ नकोस. मुंगी हाक मारल्यावर नीट उठत नसेल, श्वास हळू चालत असेल, तर पत्र तिथेच टाक आणि तिला उचलून दवाखान्यात ने. बाटली बरोबर घे. कामाचा खाडा होईल, होऊ दे.

आता सांगते. मी कुठल्याही डॉक्टरांना विचारलं नव्हतं. सरकारांना त्या औषधाची चव आवडेना, म्हणून दुसरं आणलं आणि भरलेल्या बाटल्या कचऱ्याच्या डब्यात गेल्या. तिथून मी त्या काढल्या. कागद फाटलेला नव्हता, मीच फाडला, वर सरकारांचं नाव होतं म्हणून. चोरी म्हण, काहीही म्हण. माझी पोर खोकत होती आणि औषध डब्यात पडलं होतं. मला दुसरं काही सुचलं नाही.

आज सरकारांना तपासायला नेलं होतं. डॉक्टर दर वेळी त्यांना आधी काट्यावर उभं करतात. आज एकतीस किलो भरल्या. मी सहज विचारलं, वय तर ठाऊक आहे, मग दर वेळी वजन कशाला? ते हसून म्हणाले, "अहो, औषधाला वय कुठे कळतं? त्याला वजन कळतं."

एकतीस, ताई. आणि आपली साडेपंधरा. मला हिशेब येत नाही, पण एवढा आला.

मी विचारलं, त्या खोकल्याच्या औषधाचं हेच माप निम्म्या वजनाच्या मुलाला दिलं तर? ते हसायचे थांबले. म्हणाले, झोप चढत जाईल, श्वास मंदावेल, रोज दिलं तर फारच वाईट. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "कोणाचं मूल आहे?"

मालकीणबाई शेजारीच बसल्या होत्या. मी म्हटलं, "कोणाचं नाही. सहज विचारलं."

ताई, माझ्या पोटची पोर, आणि मी म्हटलं कोणाची नाही. नोकरी जाईल, चोरी उघडी पडेल, हेच त्या घडीला डोळ्यांपुढे आलं. ते पुढे काय करायचं ते सांगणार होते. मी त्यांचं तोंड बंद केलं. सरकारांचा कोट हातात घेऊन बाहेर आले, त्यांची बटणं लावून दिली.

मग राहवेना. मालकीणबाईंना न विचारता दिवाणखान्यातल्या फोनवरून तुझ्या कारखान्यात फोन लावला. कारकून होता. त्याला म्हटलं, जरा माझ्या बहिणीला बोलवा, जीवनमरणाचा प्रश्न आहे. तो म्हणाला, ती चार दिवस कामावर आलेली नाही, निरोपही नाही. का, ते त्याला माहीत नव्हतं. तिच्या घरी कोणाला पाठवाल का विचारलं, तर म्हणाला बघतो, आणि ठेवून दिला. पुन्हा लावला तर कोणी उचलला नाही.

उद्या सकाळी डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांगणार आहे, कोणाचं मूल तेही. मग मालकीणबाईंना जे करायचं ते करू देत. मी परत यायला निघते. पत्र पोहोचायला नऊ दिवस लागतात, हे मला ठाऊक आहे. तरी लिहिते आहे, कारण हात थांबले की मी वेडी होईन.

बारा वर्षांत तू एकदाही खाडा केला नाहीस. तापात गेलीस, हात कापला तेव्हा बांधून गेलीस. मग चार दिवस घरी का बसलीस? ताई, तुझ्यावर माझा किती जीव आहे ते तुला ठाऊक आहे. तरीही तो फोन झाल्यापासून मी एकच गोष्ट मागते आहे. तूच आजारी असावीस. तुला ताप असू दे, पाय मोडलेला असू दे, अंथरुणातून उठता येऊ नये तुला, आणि मुंगी तुझ्या उशाशी बसून कटकट करत असू दे.

मला क्षमा कर.

तू आजारी पडली असशील या आशेवर बसलेली,
तुझी धाकटी