कल्पनाकडे अडकलेले चार डबे

९ मार्च, सोम.
देवळाच्या हॉलमध्ये गल्लीतल्या बायांची मीटिंग. तेल, डाळ, गॅस, सगळंच वर चढून राहिलं, म्हणून आठ घरांना दर महिन्याला किराणा द्यायचं ठरलं. नलिनीताई म्हणे हॉलमध्येच वाटू, फोटो काढू, देणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकावे लागतात. माझं डोकं सटकलं. म्हटलं, "फोटो काढायले त्या का नवऱ्या आहेत?" मग मीच तोंड घातलं. सणाला आपण घरोघरी फराळ पाठवतो ना, तसं स्टीलच्या डब्यातून थोडं थोडं सामान पाठवू. कोणाले पत्ता नाही लागणार. सगळ्यांनी मान डोलावली. मी फुगून घरी आली.
घरं वाटून घेतली, मागच्या घरची कल्पना माझ्या वाट्याला आली. (पुढे क. लिहीन, बोटं दुखतात.) भाड्याच्या दोन खोल्या, दोन मुली, नवऱ्याचं कंत्राटी काम दिवाळीत सुटलं ते सुटलंच.

११ मार्च, बुध.
पहिले दोन डबे नेले, तूरडाळ अन् तांदूळ. थाप मारली की भाचीच्या डोहाळजेवणाचं सामान उरलं. क. ने दोन्ही हातांनी घेतले. "काकू, तुम्ही काहून आल्या उन्हात?" गुडघा बोलून राहिला. यांनी विचारलं, भाची कोणती? म्हटलं, तुम्ही पेपर वाचा.

१४ मार्च, शनि.
डबे परत आले. डाळीच्या डब्यात लाल मिरच्या! क. चं माहेर भिवापूर, मिरचीचंच गाव. "रिकामा डबा देऊ नये म्हणतात, काकू." बरं वाटलं मला. पोरीवर संस्कार आहेत. ठेचा केला, एक भाकर जास्त गेली.

१९ मार्च, गुरु. पाडवा.
तांदळाच्या डब्यावर पुरणपोळीचा डबा ठेवून पाठवला. संध्याकाळी आले दोन्ही. एकात वाटीभर साखर, दुसऱ्यात चार इलायच्या.
हे म्हणाले, "अवं, महिन्याची साखर असन त्यांची." मी खेकसली त्यांच्यावर. खरं म्हणजे मलाही तेच वाटलं होतं.

२८ मार्च, शनि.
या वेळेस चार डबे पाठवले, पीठ, डाळ, तांदूळ, शेंगदाणे. लोणच्याचा डबा रिकामा करून तोही त्यातच दिला, म्हणून यांची कुरकुर.
सोमवारी दोन डबे पाठवले होते, ते काल आले, त्यात फक्त कढीपत्ता होता. घरमालकाच्या झाडाचा. डबे लख्ख घासलेले.

६ एप्रिल, सोम.
नऊ दिवस झाले, चारही डबे तिकडेच. बाकीच्या घरांचे आले. नलिनीताई हसून म्हणते, "गेले तुमचे डबे. मोडीत विकले असतील." मी तिला झापलं. पण घरी येता येता माझ्याही मनात आलंच, जड डबे होते, किलोनं जातात. लिहिताना लाज वाटते. पण आलं होतं मनात.

१० एप्रिल, शुक्र.
सकाळी वाण्याकडे क. दिसली. मला पाहिलं अन् वळून दुसऱ्या गल्लीत. मी हाकसुद्धा मारली. राग आला.
दुपारी तिची मोठी मुलगी दळण घेऊन जाताना भेटली. म्हटलं, आई काहून लपते वं मला पाहून? पोरगी खरं बोलून गेली. "डब्यात घालायले काही नाही ना आजी. आई म्हणते काही हाती आलं का डबे देऊ."
घरी येऊन बसूनच राहिली. माय माय माय. मदत कसली, वसुली केली मी. मिरच्या, साखर, इलायची. अन् ठेच्यावर भाकर जास्त खाल्ली!
चाळीस वर्षांच्या संसारात मी तरी कधी रिकामा डबा परत दिला का? मलाच सुचू नये?

१३ एप्रिल, सोम.
अक्कल पाजळली. ठरवलं, तिच्याकडे आपणच काहीतरी मागायचं, बिनपैशाचं. मग फिटलं म्हणून तिला मोकळं वाटेल. वाटी घेऊन गेली. "कल्पना, विरजण दे वं जरासं. माझं दही बिघडलं." शेजारपाजारी विरजणाला कोणी नाही म्हणत नाही.
तिनं वाटी घेतली, परत माझ्याच हातात दिली. मग म्हणाली, "दूध शिमग्यापासून बंद केलं, काकू. काळाच चहा पितो."
करायले गेली गणपती अन् झाला मारुती. परत फिरणार तर म्हणते, "काकू, रागावू नका. आता नका पाठवू काही. तुमचा डबा आला का धडकी भरते. मले झेपत नाही."
झेपत नाही म्हणाली. डाळ-तांदूळ घेणं झेपत नाही.
जेवली नाही. यांनी दह्याची वाटी बाजूला सरकवली फक्त.

१७ एप्रिल, शुक्र.
ऊन काय आहे! कूलरची मोटर जळाली. न. ताई म्हणते, कॅरीबॅगमध्ये द्या, परत द्यायची भानगड नाही. म्हटलं, पिशवी लोक दारावर मागायला आलेल्याला देतात. "मग उपाशी राहू द्या," म्हणे. तिचंही चूक नाही. मुलींची परीक्षा चालू आहे अन् ह्या महिन्याचं सामान माझ्याच घरात पडून आहे. थकली मी या डोक्याच्या खेळाला.

२० एप्रिल, सोम.
दुपारी कडी वाजली. क. स्वतः. चारही डबे एकावर एक, पदराखाली. ओट्यावर मांडले, एकेकाचं झाकण उघडून दाखवलं.
"रिकामे आहेत, काकू."
वाटलं, झालं, हिशेब संपवून चालली ही. तर ती खाली बसली, भिंतीला टेकून. इतक्या वर्षांत माझ्या घरात कधी टेकली नव्हती. म्हणाली, "चहा टाका. दूध घालून."
टाकला. कपभर कसला, पेलाभर दिला. धाकटीला गणिताचा पेपर कठीण गेला, कूलरवाला कोणता चांगला, असंच काहीबाही बोललो. डब्यांकडे दोघींनीही पाहिलं नाही. पेला विसळून ठेवला अन् गेली.
रिकामे आणले म्हणजे आता मला परकी मानत नाही, का कायमचे आणून दिले? विचारायला पाहिजे होतं.
ती गेल्यावर चारही भरले. हे म्हणाले, "नेऊन देऊ का?" म्हटलं, नको. यायचं तर तीच येईल, चहाला. आली तर जाताना हातात देईन. दूध अर्धा लिटर जास्त सांगितलं उद्यापासून. नाही आली तर काय, ते आज लिहीत नाही.