आरोळीचं उत्तर

ता. ७ जाने.
सूनबाईने तिच्या शाळेतल्या मुलांसाठी कॉम्प्युटरवर खेळ केलाय. द्राक्षबागेवर पाखरं येतात, बटण दाबून उठवायची. इंटरनेटवरचे आवाज घातले होते, ते ऐकवले. म्हटलं, "ही पाखरं तासगावची न्हाईत."
"आवं आण्णा, मग तुमीच द्या की आवाज!"
देतो. चौथी शिकलेला असलो तरी पन्नास हंगाम बाग राखलीय.

ता. ९
पंखांसाठी ओला टॉवेल झटकला. जड वाटला. जुनी छत्री भरभर उघडमीट केली, हुबेहूब साळुंक्यांचा थवा. पत्र्याचा डबा बडवला, गोफणीचा फटका काढला. सगळं मोबाईलवर घेतलं. राहिली आरोळी.
ही म्हणाली, "छत्रीची पाखरं झाली, आता वरडू नका म्हंजे मिळवली."
घशात गाठ आहे. २४ ला मिरजेत ऑपरेशन. तोवर ओरडायचं नाही. नंतर आवाज पहिल्यासारखा राहील का, विचारलं तर डॉक्टर "बघू" म्हणतात. बघू म्हणजे काय?

ता. १२
खेळात पाखरू घडावर बसल्यावर डबा वाजत होता. बसल्यावर वाजवून काय उपयोग? घिरट्या घालतंय तेव्हाच उठवायचं. सूनबाईने लगेच बदललं. स्वतःची आरोळीही घालून पाहिली. वर्गात हजेरी घेतल्यासारखी. पाखरं 'हजर' म्हणतील.

ता. १५
डॉक्टरांना फोन. एकदाच ओरडलो तर?
"एकदा तरी कशाला, आजोबा?"
दिवसभर जिवाला घोर. आवाज गेलाच तर मागे काय उरणार? रात्री दोनदा उठून दाराची कडी पाहिली.

ता. १६
सकाळी बागेत गेलो. सूनबाईच्या हातात मोबाईल. हिला सांगितलं नाही. पोटातून एकच आरोळी दिली. घशात निखारा. पण आरोळी पहिल्यासारखी, खणखणीत.
लगेच बांधापलीकडून तुकाराम, "आलीऽऽ!" माझी उठलेली पाखरं त्याच्याच बागेवर जातात. म्हणून मी सांगायचं, त्यानं 'आली' म्हणायचं. चाळीस वर्षं असंच.
सूनबाई म्हणाली, "मागचं तेवढं कापते." हाताने नको म्हटलं. उत्तराशिवाय आरोळी अर्धी.

ता. २६. मिरज
गाठ काढली, तपासायला पाठवली. पंधरा दिवस बोलायचं नाही. पुढचं 'बघू'.
ही उशाशी बसून म्हणते, "जन्मभर वरडत हुता, आता गप बसलाय तर करमंना." हसलो तर टाके तुटतील अशी भीती वाटली. मग हसलो.

ता. ३१
घरी. सोमवारी रिपोर्ट.
बागेवर पाखरं उतरायला लागली. तोंड उघडलं आणि मिटलं. सूनबाईने लॅपटॉप ओट्यावर आणला, मोठा स्पीकर जोडला. मी बटण दाबलं. माझी आरोळी बागभर गेली, मागोमाग तुकारामाचं त्या दिवशीचं उत्तर. पाखरं उठली. काम चोख झालंय, हे मी कुणालाही सांगेन.
तेवढ्यात पलीकडून खरा तुकाराम, "आलीऽऽ! आरं गड्या, फुटला व्हय रं आवाज? लय बेस!"
सूनबाई माझ्याकडे बघायला लागली. "काय सांगू त्यांना?"
मी परत बटण दाबलं.