खोलीतली एकच खुर्ची

प्रिय शालिनी वसंत तावडे,

पूर्ण नावाने हाक मारली म्हणून हसू नकोस. कुणाचेही नाव अर्धे लिहायचे नाही, हा तुझाच दंडक. गोवंडीची तुझी कामाची खोली आज रिकामी केली. हे तुला कळवणे माझे कर्तव्य आहे. शिवाय घरी परतल्यावर सांगावे असे दुसरे आहे तरी कोण?

मुले शाळा का सोडतात, यावरचा तुझा अहवाल तयार होता. परंतु ज्या आयांनी माहिती दिली, त्यांना वाचून दाखवल्याशिवाय तू तो पुढे पाठवणार नव्हतीस. रुग्णालयातही तोच ध्यास! "अहो, वाचन राहिलं हो." शेवटच्या त्या दिवसांत माझ्यासाठी एखादा शब्द राखून ठेवला असतास, तर काय बिघडले असते?

ते वाचन आज मी त्या आयांना खोलीत जमवून केले.

तुझा नियम पाळला. ज्याला विचारायचे तो खोलीतल्या एकुलत्या खुर्चीवर, विचारणारा सतरंजीवर. उत्तर द्यायचे नसेल तर तशी मुभा. गुडघे सावरत मी खाली बसलो. 'पालकांमध्ये शिक्षणाविषयी अनास्था आढळते,' असे वाचताच त्या आयांपैकी खुर्चीवर बसलेली नसीम उसळली.

"हे बाईंनी लिहिलं? शक्यच नाय!"

ते वाक्य तू गेल्यावर तुझ्या कार्यालयाने घातलेले होते. तसे मी सांगितले.

"शाळेची मीटिंग ठेवतात दुपारी, आम्ही तेव्हा कामावर. मग अनास्था कोणाची, काका? खोडा ते!"

मी खोडले आणि तिचे म्हणणे लिहिले.

"परत वाचा. आणि जरा माणसासारखं वाचा ना, बातम्या देताय काय?"

सगळ्या हसल्या. मीही हसलो, शालिनी!

वाचन संपले. नसीम उठून सतरंजीवर आली. "आता वर बसा. तुमची पाळी." मी बसलो. "बाई शेवटी कशा होत्या? नको वाटलं तर नका सांगू."

तू गेल्यापासून लोकांनी आजार विचारला, वय विचारले, घराचे आता काय करणार तेही विचारले. सांगावेसे वाटते का, हे कुणी विचारले होते? मी बोललो. त्यांच्यादेखत रडलोसुद्धा. कुणी काही लिहून घेतले नाही.

खुर्ची नसीमच्या घरी ठेवली आहे. अहवाल त्यांनी मान्य केला तसाच जाईल. त्यातले एक वाक्यही त्यांना विचारल्यावाचून मी कुणाला बदलू देणार नाही. हे माझे तुला वचन.

तुझाच,
वसंत

ता. क. खोलीला कुलूप लावले. किल्ल्या घरमालकाकडे परत केल्या.