तो आधीच तिथे असतो

४ मार्च

आज दातांच्या दवाखान्याच्या पायरीवर उभा होता. कवळ्या पोचवायला मला पाठवणार हे मलाच तासाभरापूर्वी कळलं होतं. त्याच्या हातात माझी जुनी छत्री. "विसरली होतीस," म्हणाला.

मी त्याचं घर सोडून पाच महिने झाले. मारत नाही, ओरडत नाही. फक्त असतो. बँकेच्या रांगेत माझ्या मागे. परवा चपलांच्या दुकानात समोर, हातात माझ्या मापाचा जोड. चौकीवर सांगून पाहिलं. हवालदार म्हणाला, "रस्ता सगळ्यांचा आहे, बाई."

माझ्या खोलीचा जिना अजून चढलेला नाही. चढेल.

५ मार्च

कवळ्यांच्या लॅबमध्ये माझ्या शेजारी बसते तिचे दात इतके एकसारखे की तिला सगळे कवळीच म्हणतात. ती मेणाचा साचा कापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझा नवरा वास काढत येतो की काय गं?"

मग हात पुसले. "फोन आण इकडे."

मी अंगठा लावला. उघडला नाही. परत लावला. नाही. इतकी वर्षं प्लास्टर कालवून आणि कवळ्या घासून माझ्या बोटांवर रेघ उरलेली नाही. शेवटी आकडे टाकले.

"मग बोट कोणाचं आहे यात?"

"त्याचं." फोन नवीन होता तेव्हा त्यानेच घातलं. तुझी बोटं झिजलीत, अडीनडीला माझं असू दे, म्हणाला. मला ते प्रेमाचं वाटलं होतं.

"अडीनडीला," कवळी म्हणाली. "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यास, बाई."

७ मार्च

अर्धी रजा. कवळीने सल्ला केंद्रात नेलं. तिथल्या बाई वयस्कर, आवाज हलका. मी फोनमधलं काही पुसायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. "घाई नको. पुसलंत की त्याला कळतं. कळलं की तो काय करेल, ते तुम्ही मला सांगा." मी फोन खाली ठेवला. "मग आधी तुमची आजची झोपायची जागा ठरवू. आणि पुरावा ठेवू."

कवळीच्या फोनने एकेका पडद्याचे फोटो काढले. कोणतं अ‍ॅप माझी जागा बघतं, त्याची यादी उघडली. त्यात 'बॅटरी सेवा' नावाचं एक. मी कधी घेतलेलं नाही. जागा नेहमी, माइक नेहमी. माझं खातं आणखी एका फोनवर उघडं. तो फोन कोणाचा, हे विचारायची गरज नव्हती.

"पर्स उलटी करा." अस्तराच्या आत नाण्याएवढी, जागा कळवणारी चकती. शिवण सुबक होती. त्याला शिवता येतं हे मला माहीत नव्हतं.

बॅटरी लवकर संपते म्हणून गेल्याच महिन्यात नवी टाकून घेतली मी.

८ मार्च

कवळीकडे झोपले. सकाळी तिच्या फोनवरून पासवर्ड बदलला. दुसरा फोन खात्यातून बाहेर काढला. माझा फोन पार कोरा केला. अ‍ॅप गेलं, त्याचं बोट गेलं. आता कोणी आत शिरू पाहिलं तर मला आधी संदेश येईल. चकती बाईंनी तक्रारीसाठी ठेवून घेतली.

"आंघोळ झाल्यासारखं वाटतंय का?" कवळीने विचारलं. नाही. आंघोळ करताना कोणीतरी पाहिल्यासारखं.

९ मार्च

आला नाही.

१० मार्च

आला नाही. रस्त्याने जाताना मान वळवायची राहून गेली एकदा.

११ मार्च

आईचा फोन. रडत होती. "अगं, तीन दिवस झाले, तुझा ठिपका नाही! आधी वाटलं, फोनच बिघडला; आज वाटलं, झालं काहीतरी."

घर सोडलं त्या दिवशी मीच तिला दिला होता. नकाशावर मी, कायम. तिला अक्षरं दिसत नाहीत, पण निळा ठिपका दिसतो. ठिपका खोलीवर आला की ती दिवा मालवते.

लगेच परत दिला.

१२ मार्च

लॅबच्या फाटकाशी. "फोन साफ केलास म्हणे. बरं केलंस. गरम व्हायचा तो."

१३ मार्च

आईकडे गेले. तिला साखरेच्या आजाराचं इंजेक्शन तोच देतो, सकाळ-संध्याकाळ. सिरिंजवरच्या खुणा तिला दिसत नाहीत, हात कापतात. मला ठाऊक होतं. निदान एवढं तरी करतो, असं मी सगळ्यांना सांगायची.

"त्यांना तू सांगतेस, मी कुठे असते ते?"

"मी कशाला सांगू? जावईबापू विचारतही नाहीत. माझा फोन हातात घेतात, बघतात, ठेवतात. मग सुई देतात."

"आणि तू बघू देतेस."

आईने पदर सारखा केला. "सुई त्यांच्या हातात असते गं," म्हणाली.

धाकट्या भावाला फोन केला. तो परदेशात. "तायडे, तूच जरा समजून घे ना. आईचं कोण करणार?"

१४ मार्च

आईच्या फोनवरून मला काढलं. तिच्यासमोरच. ती बघत होती.

"आता तू पोचलीस हे मला कसं कळायचं?"

"फोन करीन."

"करशील," आई म्हणाली. जसं माझ्या लहानपणी म्हणायची, मी अभ्यास करीन म्हटल्यावर.

१५ मार्च

त्याने आईला निरोप दिला. अगदी नम्रपणे. कामाच्या वेळा बदलल्या, यापुढे जमणार नाही. "तुमच्या लेकीला सांगा."

शेजारीण सुईला घाबरते. नर्स ठेवायची तर पुढच्या महिन्याशिवाय कोणी मोकळी नाही.

१६ मार्च

सकाळी आईला इंजेक्शन मी दिलं. संध्याकाळी जेवणाआधी पुन्हा. आता रोज, याच वेळांना.

खाली उतरले तर गल्लीच्या तोंडाशी उभा होता. हात मोकळे. फोन काढायची त्याला गरजच नव्हती.