चिमणीचं वजन

३ मार्च
चिमणीच्या बरगड्या मोजता येतात! आज मोजल्या. हिनं पाहिलं तर माझी धडगत नाही. घोडी बायकोची — बारा वर्षं तिनंच सांभाळली. मी तबेल्याची कडी दुरुस्त करण्यापुरता. आता मेंदूचं ऑपरेशन होऊन ही दवाखान्यात, तोही दुसऱ्या गावी. लेक आईजवळ, घोडीजवळ मी, अशी वाटणी. आणि घोडीची अन्नावरची वासनाच उडालीय. ही महिन्याभरात घरी येईल. तोवर चिमणी भरलीच पाहिजे.

४ मार्च
घोड्यांचे डॉक्टर येऊन गेले. दात ठीक. पण चिमणीला साखर सोसत नाही. खुरं आतून सुजतात, उभं राहवत नाही. म्हणजे खायला भरपूर घालायचं, पण गोड काही नाही. धान्य, गाजर, सफरचंद बंद. वाळलं गवत तासभर पाण्यात भिजवून द्यायचं, म्हणजे साखर निघून जाते. वर थोडा लसूणघासाचा चारा, साखर काढून उरलेला बीटचा भिजवलेला चोथा, आणि रोज चमचा-चमचा वाढवत तेल. लग्नात मला एवढ्या सूचना नव्हत्या.

८ मार्च
तेल घातलेला चोथा हुंगला. माझ्याकडे पाहिलं. बादली लाथेनं उलटी केली. मालकिणीवर गेलीय.

९ मार्च
खाल्लं! अर्धी बादली!

१५ मार्च
पुढची खुरं गरम लागतायत, म्हणजे आतून सूज. डॉक्टर चक्रावले — "एवढं पथ्य आहे, मग साखर जातेय कुठून?"

भिजवलेल्या गवताचं ते तपकिरी पाणी! फेकायला जीव होईना. एवढं सत्त्व वाया कशाला, म्हणून मी रोज तेच तिच्या पिण्याच्या बादलीत ओतत होतो. गवतातून काढलेली साखर मीच तिला पाजली.

सांगून टाकलं. डॉक्टरांनी औषध दिलं, मऊ भुसा जाड अंथरायला लावला. ते गेल्यावर चिमणीची माफी मागितली. मोठ्यानं. काय लाज धरायची घोडीपाशी?

२० मार्च
खुरं गार. पाच दिवस स्टूल टाकून तिच्याजवळ बसतोय. मी असलो की खाते, उठलो की थांबते. बारा वर्षांत तिच्या कपाळावरचा भोवरा पाहिला नव्हता. लळा लागला मला, खोटं कशाला बोलू.

२४ मार्च
शेजाऱ्यांना चिमणीपाशी बसवून दवाखान्यात जाऊन आलो. ही झोपलेली. अर्धा तास हात धरून बसलो, उठवलं नाही. लेक म्हणाली, बोलणं सुधारतंय, पण आठवणी मधूनमधून पुसल्यात. चिमणी खाते का, हे मात्र रोज विचारते. नवरा जेवतो का, ते कोण विचारणार!

२ एप्रिल
छातीभोवती वजन मोजायची फीत लावली. एकवीस किलो वाढली! बरगड्या हाताला लागतात, दिसत नाहीत. अशीच असावी, म्हणाले डॉक्टर. उद्या ही येतेय. चिमणीला खरारा केला, मीही दाढी केली.

३ एप्रिल
आली. गाडीतून उतरून थेट तबेल्यात. "चिमणे, भरलीस की गं!" म्हणत तिच्या मानेला बिलगली. मग माझ्याकडे वळली.

"फार छान सांभाळलंत हिला. तुम्ही नवीन आहात का इथे?"

"हो," म्हणालो. "गेल्याच महिन्यात लागलो."