मशीनला हात कोण लावतं

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई

प्रिय मुक्ता,

हे पत्र कमरुद्दीनच्या हातून पाठवतो आहे. तो दापोलीला त्याच्या घरी निघालाय, आधी चिपळूणला जाऊन तुझ्याच हातात देईल. पाकीट आधी नीट बघ. भाताच्या शिताने चिकटवलंय आणि जिथे चिकटवलंय त्या जोडावर मी सही केली आहे. सहीची रेघ तुटलेली दिसली तर समज की वाटेत कोणीतरी उघडलं. कमरुद्दीन आपला जुना माणूस, त्याच्यावर माझा संशय नाही, पण त्याची सून चौकस आहे. आणि हे दर्शनाकडून वाचून घेऊ नकोस. लेक आपलीच आहे, तुझ्या गुडघ्याचं सगळं करते, पण तिच्या पोटात काही राहत नाही. वाचून होण्याआधीच वहिनीला, प्रज्ञाला, मेसेज करील. चष्मा लाव, माजघरात जा आणि तू स्वतः वाच. फोनवर का नाही सांगितलं म्हणशील, तर आपल्या सुदेशच्या या घरात फोन स्पीकरवर लावूनच देतात, कारण मला कानाला धरून ऐकू येत नाही. गॅलरीत जाऊन बोलावं म्हटलं तर प्रज्ञा खुर्ची आणून देते आणि मग तिथेच कपडे वाळत घालत उभी राहते. दुबईत कपडे घटकेत वाळतात, तरी हिचे संपत नाहीत.

मशीन आल्याचं तुला माहीत आहे. रास अल खैम्याला सिमेंटच्या कॅम्पात गुरुवारी रात्री मी जी सोळा एमएमची सिनेमाची मशीन चालवायचो, तीच ही. कंपनीने जुनं गोदाम रिकामं केलं, भंगार कमरुद्दीनच्या पोराच्या दुकानात आलं, त्यात कमरुद्दीनला ती दिसली. बाजूच्या पत्र्यावर मी खिळ्याने काढलेला ओम अजून आहे. त्याने टॅक्सीत घालून इथे आणून सोडली आणि म्हणाला, भिकाजी, तुझी थोरली बायको परत आली. प्रज्ञा हसली, पण मला तिचं हसणं तेव्हा आवडलं नाही. दोन खोल्यांच्या घरात एवढं लोखंड कोणाला आवडेल? मी बरेच दिवस बसून ती साफ केली. आतलं ग्रीस वाळून गुळासारखं झालं होतं. पट्टे सैल पडले होते, दिव्याच्या मागचा आरसा काळा पडला होता. कापसाने, रॉकेल मिळेना म्हणून दुसऱ्याच कसल्या तरी पातळ तेलाने, जुन्या दात घासायच्या ब्रशने एकेक दातेरी चाक मोकळं केलं. चालू झाली तेव्हा सुदेशने टाळ्या वाजवल्या. नात म्हणाली, इट्स सो लाउड.

तेव्हापासून शुक्रवारी संध्याकाळी हॉलच्या भिंतीवर सिनेमा दाखवतो. बरोबर आलेली रिळं तीनच. एक कंपनीचं, हेल्मेट कसं घालावं ते शिकवणारं, आणि एका पोशाखी सिनेमाची मधली दोन. राजकन्येला पळवून नेतात आणि रीळ संपतं. शेजारचा लिओनार्ड, वसईचा, हॉटेलात मेंटेनन्सला आहे, दर शुक्रवारी खुर्च्या घेऊन येतो आणि विचारतो, काका, बिचारीला सोडवणार कधी, तिचा व्हिसा संपेल. त्याची बायको एडना केक आणते. माणसं चांगली आहेत. पण लिओनार्डकडे पेचकसांची अख्खी पेटी आहे हे मी लक्षात ठेवलं होतं.

कारण मशीन बिघडायला लागली. एका शुक्रवारी नीट चालून झालेली मशीन सोमवारी बघतो तर खालच्या रिळाचा पट्टा उतरलेला. तुला माझी सवय माहीत आहे, फिल्म लावायच्या आधी मशीन एकदा रिकामी फिरवून बघायची. टुरिंग टॉकीजच्या तंबूत असल्यापासूनची. त्यामुळे फिल्म वाचली. म्हटलं पट्टा जुना आहे, उतरला असेल. मग काही दिवसांनी भिंग फिरलेलं. मग ना दिवा पेटे, ना मोटर फिरे. मी मशीनचं पोट उघडून तारा तपासल्या, होल्डर घासला, गेला अख्खा दिवस. शेवटी इथले प्लग असतात ना चौकोनी, तीन पायांचे, त्यांच्या आत एक बारीक फ्यूज असतो, तो जळका निघाला. पण मी परवाच नवा घातला होता. जळून काळा पडलेला जुना मीच कचऱ्यात टाकला होता, आणि आत तोच बसलेला. फ्यूज काय चालत जाऊन बसला? तेव्हा माझी खात्री पटली की मशीनला कोणीतरी हात लावतंय.

पहिला संशय वासिफवर गेला. जुमेरा लेक टॉवर्सला सुदेशचं ऑफिस आहे, त्याच इमारतीखाली या वासिफचं कॉफीचं दुकान. सुदेशने मोबाइलवर त्याला मशीनचा फोटो दाखवला असणार. तो घरी येऊन चहा पिऊन गेला, मशीनवरून हात फिरवला, दुकानात मांडायला ती मागितली आणि मला म्हणाला, 'चाचा, चले ना चले, हमें तो सिर्फ दिखाने के लिए चाहिए.' मुक्ता, मला ते फार लागलं. चालणारी मशीन म्हातारा सोडणार नाही, बिघडली की आपोआप देईल, असा त्याचा डाव असणार हे मी ताडलं. पण तो एकदाच आला होता. म्हणजे घरातला कोणीतरी त्याचं काम करत होता. सुदेश? मशीन बंद पडली असं सांगितलं की तो मोबाइलमधून मान वर करून म्हणायचा, होईल हो बाबा, तुम्ही आहात ना, आणि परत खाली. बापाची मशीन मोडते आहे आणि पोराच्या तोंडावर काळजी नाही, हे मला बरं लक्षण वाटेना. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की बाहेरचा निघाला तर बघून घेऊ, पण घरातलं माणूस निघालं तर आपण इथे राहायचं नाही. तुझा गुडघा बरा होवो न होवो, तिकीट काढायला लावायचं, घरी येऊन पेज करून खायची. तुला फोनवर दोनतीनदा म्हणालो ना, की यायचं मन आहे. त्यामागे हे होतं.

मग पट्टा परत निघाला, पण या वेळी नुसता काढलेला नव्हता. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा पीळ देऊन परत चढवलेला. मशीन रिकामी फिरवली तर खालचं रीळ उलटं फिरायला लागलं. हे अडाण्याचं काम नव्हतं. आणि मग एक एक गोष्ट डोळ्यांसमोर यायला लागली. हा जो कोणी होता, त्याने सगळीकडे हात घातला होता, पण फिल्मला ओरखडा नाही. फिल्म ज्या फटीतून जाते त्या गेटला हात नाही. जे बिघडवलं ते सगळं मशीन रिकामी फिरवली की लगेच कळण्यासारखं. म्हणजे मी आधी रिकामी फिरवतो हेही त्याला ठाऊक. चोर घरभर फिरतो आणि देव्हाऱ्यापाशी चप्पल काढतो, हा कसला चोर?

मी सापळा लावला. तंबूत दुसऱ्या ऑपरेटरने मशीन उघडू नये म्हणून झाकणाच्या फटीवर केस थुंकीने चिकटवायचो, तुझाच केस असायचा. इथे न्हाणीघरातल्या फणीवरचा घेतला. सकाळी केस जागेवर. जेवल्यावर जागेवर. संध्याकाळी खालच्या बागेतून फेरी मारून आलो की तुटलेला. म्हणजे मी बागेत असतानाच. त्या वेळी सुदेश ऑफिसात, नात क्लासला, आणि घरात कोण? जिचं ऑफिस घरातूनच चालतं ती. फणीवरचा केसही तिचाच होता, हे मला मागाहून सुचलं.

दुसऱ्या दिवशी बागेत जातो म्हणून निघालो, जिन्यात थोडा थांबलो आणि टोपी विसरल्याचं निमित्त मनात धरून परत आलो. दार हळू उघडलं. प्रज्ञा मशीनपुढे फरशीवर मांडी घालून बसली होती. पाठ माझ्याकडे, कानात फोनच्या वायरी. केसाच्या आकड्याने ती पट्टा उचलत होती, जीभ दातांत धरून, शाळेतल्या पोरीसारखी. पट्टा निघाला तसा तिने मशीनला हात लावून कपाळाला लावला, चुकून पाय लागला की आपण करतो तसा. आणि फोनवर मोठ्याने म्हणाली, 'नाही रे सुदेश, आज पट्टाच काढलाय फक्त. पट्ट्यात रमतात ते. मागच्या आठवड्यात सगळं नीट चालत होतं तर माणूस जेवला नाही नीट, नुसतं तिकीट कधी काढतोस विचारत बसले होते. बिघडलं की बघ, सकाळी आंघोळ करून तयार असतात.'

मी तसाच मागे फिरलो. खाली बाकावर बसलो. तिथला माळी मला रोज सलाम करतो, त्याला मी सलाम परत केला की नाही आठवत नाही. आधी राग आला. मला काय लहान पोर समजतात की काय, की खेळणं मोडून द्यायचं आणि जोडत बस म्हणायचं? मग हेही आठवलं की मागचा तो आठवडा खरंच वाईट गेला होता. मशीन नीट चालत होती आणि मला दिवसभर करायला काही नव्हतं. या घरात सगळी कामाची माणसं. मी खुर्ची बदलत राहतो, ऊन येईल तशी. मग राग कुठे गेला कळलं नाही. वर जाताना पॅसेजमधूनच खोकत गेलो, किल्ली दोनदा वाजवली. चहा घेताना म्हटलं, पट्टा परत उतरलाय वाटतं. ती म्हणाली, अय्या, परत? सोंग अजिबात येत नाही तिला. कान लाल झाले होते. मी म्हटलं, जुना आहे, उतरायचाच, उद्या बघतो. आणि खरं सांगतो, दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून तयार होतो.

पण मुक्ता, एक संशय अजून राहतो, आणि तो तुझ्यावर आहे. मशीनबद्दल मी प्रज्ञाला पुष्कळ सांगितलंय. ती मटार सोलत बसली की मी बोलत बसतो. पट्टा, भिंग, दिवा, फ्यूज, सगळं माझ्याच तोंडून गेलं असेल. पीळ देऊन पट्टा चढवायचं मात्र मी कोणालाच सांगितलेलं नाही. ते मी आयुष्यात एकदाच पाहिलंय, साखरप्याच्या जत्रेत, तंबूत, मला ताप होता आणि मालक दोन खेळ कर म्हणून अडून बसला होता तेव्हा. मशीन उलटी फिरायला लागली, मला तापात उमगेना, खेळ रद्द झाले आणि मी घोंगडी पांघरून झोपलो. उठून बघतो तर पट्टा सरळ. तंबूत माझ्याशिवाय मशीनपाशी येणारी, बॅटरी धरणारी तू एकटी होतीस. मी तेव्हा विचारलं नाही, आत्ताही विचारत नाही. पण प्रज्ञा रोज दुपारी तुला फोन करते, आणि मी खोलीत आलो की तुमची गोष्ट एकदम भाजीवर येते. दोघींना वाटतं म्हाताऱ्याला ऐकू येत नाही.

तेव्हा हे पत्र एवढ्यासाठी. परवा मटार सोलताना प्रज्ञाने मला विचारलं की गेटच्या आत ते बारीक नखासारखं हलतं ते काय असतं. ते नख फिल्मच्या भोकात अडकून तिला खाली ओढतं. ते आकड्याने जरा वाकलं तर फिल्म फाटेल, मशीन जाईल आणि तसं नख आता कुठे मिळायचं नाही. पोरीकडचे बिघाड संपत आले आहेत, म्हणून ती आत शिरते आहे. तू तिला अडव. मी सांगितलं असं म्हणू नकोस, मला काही माहीत नाही. नेहमीसारख्या तंबूच्या गोष्टी सांग आणि त्यात घाल, की आवाजाच्या भिंगाला नुसता खोबरेल तेलाच्या बोटाचा ठसा लागला तरी आवाज घोगरा होऊन ह्यांचे दोन दिवस जायचे. रिळाची कड जरा दबली की खटखट व्हायची आणि हे सगळं उघडून बसायचे. मशीनचा एक पाय आत फिरवला की चित्र तिरकं पडायचं. या तिन्हींनी कशालाच धक्का लागत नाही. सगळं एकाच दुपारी सांगू नकोस, पुरवून पुरवून सांग. आणि गुडघ्यावर घाईने जोर देऊ नकोस, डॉक्टर सांगेल तितके दिवस राहा दर्शनाकडे. सुदेशला मी काल म्हटलंय की तिकिटाचं राहू दे, मशीन अजून मनासारखी लागत नाहीये.

वाचून झालं की चुलीत घाल. गॅस असेल तर बारीक फाडून टाक.

सगळ्यांवर डोळा ठेवून असलेला पण तुझाच,
भिकाजी